मामांची गाडी मागे येत नसे

हैदराबादेत ट्रक किती, हे मोजायला बसलेला माणूस अजून बसलेलाच आहे. पण त्या सगळ्या ट्रकांत एकच असा होता, जो मागे येत नसे. त्याचा रिव्हर्स गिअर मोडला होता असं कुणी समजू नये. गिअर अगदी कोरा होता, शोरूममधून आला तसाच. मामांनी त्याला कधी हात लावला नव्हता, एवढंच.

मी तेव्हा एका आइस्क्रीम कंपनीत सेल्समन होतो. देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि त्या दारांतून जे जे आत येत होतं ते सगळं गोठवलेलं होतं. वाटाणे गोठवलेले, मक्याचे दाणे गोठवलेले, कोंबडीच्या तंगड्या गोठवलेल्या. आणि हा सगळा बर्फ विकायचा कुठे, तर हैदराबादेत, मे महिन्यात. त्या उन्हात मी कावळा उडता उडता भाजून खाली पडलेला पाहिला आहे. मीठ तेवढं लावायचं बाकी होतं. अशा गावात आमचा थंड डब्याचा ट्रक सकाळी कुकटपल्लीच्या डेपोतून निघायचा आणि चिक्कडपल्ली, विद्यानगर करत, दुकानादुकानांतून खोकी उतरवत दुपार कलंडेपर्यंत फिरायचा. गाडी मामा चालवायचे आणि बडबड मी करायचो. बडबडीचाच पगार होता मला.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. डेपोतला शिपाई त्यांना मामा म्हणायचा, कॅशियर मामा म्हणायचा, आणि मला वाटतं, त्यांची बायकोसुद्धा मनातल्या मनात मामाच म्हणत असणार. उंच, वाळका देह. भुवया पांढऱ्या आणि इतक्या लांब, की वारा आला की त्या आधी हलायच्या आणि मग झाडं. मूळचे देगलूरकडचे, पण अर्धं आयुष्य हैदराबादेत गेलेलं. त्यांचं एक वाक्य मराठीत सुरू व्हायचं, दखनीत वळायचं आणि तेलुगूत उतरायचं. माघारी मात्र कधी येत नसे. एकदा बोललेलं ते पुन्हा बोलत नसत. ऐकू आलं नाही तर तुमचं नशीब.

रिव्हर्स न टाकता हैदराबादेत मालाची गाडी चालवणं म्हणजे काय, हे गाडी न चालवणाऱ्याला सांगून कळणार नाही. चिक्कडपल्लीच्या गल्ल्या रांगोळी घालावी तशा घातलेल्या आहेत. ठिपका चुकला की संपलं. कुठे लग्नाचा मांडव रस्त्यातच, कुठे विटांचा ढीग, कुठे खड्डा खणून खणणारे जेवायला गेलेले. बाकीचे ड्रायव्हर आत शिरायचे, अडकायचे, मागे यायचे. मामा आधी खाली उतरायचे, गल्लीच्या दुसऱ्या तोंडापर्यंत चालत जाऊन यायचे आणि मगच गाडी घालायचे. दुसरं तोंड नसलेल्या गल्लीत दुकान असलं, तर खोकी माझ्या डोक्यावर. एका बंद गल्लीतल्या दुकानदाराला मामांनी समोरच्या भिंतीत दार पाडायला लावलं होतं आणि ते लोक त्या दाराचे अजून उपकार मानतात. हे मी थोडं वाढवून सांगतो आहे. दार आधीपासूनच होतं, मामांनी ते उघडायला लावलं.

आणि हे गाडीपुरतंच असतं तर चाललं असतं. माणूस पायीसुद्धा मागे जात नसे. कंपनीच्या ओळखपत्रासाठी आम्ही सगळे विद्यानगरच्या एका स्टुडिओत फोटो काढायला गेलो. फोटोग्राफर मामांना म्हणाला, "जरासं मागे सरका." मामा उठले, पुढच्या दाराने रस्त्यावर गेले, इमारतीला वळसा घातला, मागच्या दाराने आत आले आणि पडद्याला लागून उभे राहिले. म्हणाले, "सरकलो. काढा." हॉटेलात जेवण झालं की बाकीचे लोक खुर्ची मागे ढकलून उठतात. मामा टेबल पुढे ढकलायचे. समोर बसलेल्याच्या पोटात ते बसायचं. माझ्या बरगड्यांना त्याची सवय झाली होती.

गाडीच्या दोन्ही बाजूंचे आरसे त्यांनी आकाशाकडे वळवून ठेवले होते. मी विचारलं, "मामा, यात काय दिसतं?"

"घारी," मामा म्हणाले.

"आणि मागचं?"

"मागचं बघून काय करायलास? तिकडं जायचं हाय का?"

गाडीच्या मागे कुणी उभं राहिलेलं त्यांना चालत नसे. पोरं थंड वाफा बघायला डब्याच्या दाराशी जमली की हे हातातला रुमाल हवेत झटकत त्यांना हाकलायचे. आणि मागून कुणी सहज म्हणून डब्यावर थापा मारल्या, तर मामा जागच्या जागी ब्रेक लावायचे आणि थोडा वेळ नुसते समोर बघत बसायचे. गाडीच्या बाहेर मे महिना आणि त्यांच्या कपाळावर गार घाम. मला वाटायचं, असतात एकेक माणसं. मी खूप बोलतो, हे मागे जात नाहीत. जगात दोन्ही लागतं.

मग तो टँकरचा प्रकार झाला.

चिक्कडपल्लीतली भर दुपार. गल्ली अशी अरुंद, की तिथल्या लोकांना शिंक आली तर समोरच्या घरातले तोंड पुसायचे. आम्ही एका बाजूने शिरलो आणि समोरून पाण्याचा टँकर शिरला. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या. टँकरच्या मागे रस्ता चढाचा आणि लांबलचक. आमच्या मागे गल्लीचं तोंड अगदी जवळ. कुणीही सांगेल, आम्ही मागे जायला हवं होतं. टँकरवाल्याने हात हलवून तेच सांगितलं. मामांनी गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि रुमाल तोंडावर ओढून घेतला.

हळूहळू गल्ली जमली. वरच्या गच्चीवरून एक म्हातारी मामांना तेलुगूत ओरडू लागली, "वेनक्कि पो, वेनक्कि पो." मागे जा, मागे जा. मामा रुमालातून म्हणाले, "काय म्हणायली ती?" त्यांना तेलुगू माझ्यापेक्षा चांगलं यायचं. डब्यातलं यंत्र गाडी बंद म्हणून बंद, आतलं आइस्क्रीम हळूहळू मनानं खचू लागलेलं. ती कोंडी किती वेळ चालली म्हणता? आम्ही शिरलो तेव्हा त्या गल्लीत एका घरी मुलगी बघायला पाहुणे आले होते. आम्ही निघालो तेव्हा बारशाचे पेढे वाटत होते.

शेवटी टँकरवाला उतरला. गुडघ्यापर्यंत लुंगी, खांद्यावर टॉवेल, भांडायच्या पूर्ण तयारीत. मागे जागा आहे की नाही ते मीच बघून येतो, असं म्हणत तो आमच्या गाडीच्या कडेने भिंतीला घासत मागे गेला. परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. मामांच्या खिडकीशी येऊन तो म्हणाला, "मियाँ, वो बुढ्ढे मियाँ कू धूप में कैकू खडा करके रखे? हमारे वास्ते? बिठा लेव उनकू अंदर. मैंच लेतूँ पीछे."

आणि त्याने खरंच तो अख्खा टँकर, पाणी सांडत, चढावरून मागे नेला.

मी खाली उतरलो. भिंत आणि गाडी यांच्यामधून सरकत मागे गेलो. मागे उन्हाने पांढरी पडलेली गल्ली होती. एक कुत्रं होतं, तेही सावलीत. डब्याच्या दाराखाली बर्फाचं पाणी ठिबकून ओल पसरली होती आणि त्या ओलीच्या मधोमध, माणूस उभा राहिला असता तर पायांखाली झाकली गेली असती एवढी जागा कोरडी होती. मी बघत असतानाच ती भिजून गेली.

मी सांगितलंच आहे, की बडबडीचा मला पगार होता. त्या दिवशी विद्यानगर येईपर्यंत मी फुकट गेलो. मामांनीच तोंड उघडलं.

"काय म्हणायलता तो टँकरवाला? बुढ्ढा?"

"हौ."

"दाढी हाय म्हणाला का?"

"ते नाही म्हणाला."

"असंल," मामा म्हणाले. "दाढी हाय त्याला."

मामांबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. हा माणूस भुताखेतांचा भक्त नव्हता. गाडीच्या पुढच्या काचेपाशी बुद्धाची चिमुकली मूर्ती, तिच्यापुढे रोज एक ताजं फूल, यापलीकडे त्यांनी काही मानलं नाही. त्यांच्या वस्तीत एकदा अंगातलं काढणारा कुणी बाबा आला होता. मामांनी त्याला स्वतःच्या पैशाने तिकीट काढून देऊन बसमध्ये बसवला आणि ड्रायव्हरला सांगितलं, मधे थांबवू नको. म्हणून त्यांनी पुढचं सांगितलं तेव्हा मला हसता आलं नाही.

आमच्या कंपनीत यायच्या आधी मामा भाजीचा ट्रक चालवत. त्यावर त्यांच्यासोबत एक क्लीनर होता, त्यांच्याहून पुष्कळ वयस्कर, मेहंदी लावलेल्या दाढीचा. त्याला ते चाचा म्हणत. क्लीनरचं खरं काम गाडी पुसणं नव्हे. गाडी मागे येताना तिच्या मागे उभं राहून हाळी देणं. "आन दो, आन दो, आन दो," आणि थांबायच्या जागी "बस." ड्रायव्हरला मागचं काही दिसत नसतं, तो फक्त त्या आवाजावर चाक फिरवतो. बाकीचे क्लीनर बाजूला उभे राहून ओरडायचे. चाचा गाडीच्या बरोबर मधोमध, तिच्या आणि भिंतीच्या मधे उभा राहायचा. "बाजू में खडे रह के बोला सो अंदाजा," तो म्हणायचा. "जिसकी जान बीच में है उसका बोलना सच्चा." आणि त्याची "बस" यायची ती अगदी शेवटी, भिंत वीतभर राहिली असताना. आधी कधीच नाही. नवा ड्रायव्हर असता तर त्याचा जीव अर्धा झाला असता. मामांनी वर्षानुवर्षं त्या आवाजावर डोळे मिटून गाडी मागे घेतली.

"एक दिवस सकाळी बाजारात गेलो," मामा सांगत होते. गाडी विद्यानगरच्या रस्त्यावर अगदी शांत चालली होती. "गर्दी हीऽऽ. रिव्हर्स टाकला. आन दो, आन दो, बस. लावली गाडी. बिडी पेटवून त्याला द्यावी म्हणून खाली उतरलो. मागं कुणी न्हाई. मग ध्यानात आलं, आज तो गाडीवर चढलाच नव्हता. ताप होता त्याला. मीच म्हणालो होतो, पडून राहा."

"मग?"

"मग काय. त्याच्या घरी गेलो तर लोक जमलेले. पहाटेच गेला होता."

मी म्हटलं, "मामा, सवयीने ऐकू आलं असेल."

"म्या भी तेच म्हणालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकला. पुन्हा आन दो." मामांनी बोलता बोलता स्टेअरिंगवरचा हात उचलून कान चोळला. "भूत म्हणालो का मी? आवाज म्हणालो. भूत मी मानत न्हाई. आवाज ऐकू येतो त्याला काय करू?"

"पण मामा, तो तर मदतच करतो आहे तुमची."

मामांनी एका सायकलवाल्याला पुढे जाऊ दिलं. मग म्हणाले, "त्या पहिल्या दिवशी 'बस' म्हणाला. त्यानंतर कधी म्हणाला न्हाई."

हा त्या गोष्टीतला काटा होता. आवाज बोलवायचा, थांबवायचा नाही. मामांनी एकदा ठरवलं, बघूच कुठं थांबवतो. कुकटपल्लीच्या पलीकडे तेव्हा मोकळं माळरान होतं, मोठमोठ्या धोंड्यांचं. भर उजेडात भाजीची रिकामी गाडी तिथे नेली आणि रिव्हर्स टाकला. आन दो. गाडी मागे मागे. आन दो, आन दो. आवाज शांत, रोजचा, जरा खाकरल्यासारखा. मामांनी गाडी चालू ठेवली. शेवटी राहवेना म्हणून ब्रेक दाबला आणि उतरून पाहिलं. मागच्या चाकामागे हातभर जमीन होती आणि तिच्यापुढे दगडाची खाण, सरळ खाली, तळाशी हिरवं पाणी.

"हातभर," मामा म्हणाले. "आता तूच सांग. चाचा वीतभर राहिली की बस म्हणायचा. मी हातभर असतानाच थांबलो. अजून थोडं मागं घेतलं असतं तर तो बस म्हणाला असता, का म्हणालाच नसता?"

मी पुढच्या दुकानाच्या बिलाची वही उघडली.

"म्हणून मी टाकत न्हाई," मामा म्हणाले आणि त्यांनी दुकानासमोर गाडी उभी केली. नाक रस्त्याकडे करून.

त्यानंतर पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि कंपनीत पुण्याहून नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. फक्त सगळं वेळेत व्हावं अशी त्यांची इच्छा होती आणि हैदराबादेत ती पुरी होत नव्हती. त्याच सुमारास कुकटपल्लीला एक मोठं वातानुकूलित दुकान उघडलं. आत माणसं ढकलगाड्या ढकलत फिरायची आणि स्वतःच्या हाताने माल उचलायची. अर्धं शहर ते बघायलाच जायचं. आमच्या कंपनीला त्या दुकानाचं काम मिळालं. साहेबांनी डेपोत लाडू वाटले.

लाडू संपल्यावर कळलं, की त्या दुकानाला माल घ्यायचा चौथरा आहे. छातीएवढा उंच, सिमेंटचा, कडेला रबर ठोकलेला. गाडीने मागे येऊन डब्याचं दार त्याला लावायचं, म्हणजे थंडी बाहेर सांडत नाही. पुढून माल घेणार नाहीत. डोक्यावरून घेणार नाहीत. उभ्या हैदराबादेत पहिल्यांदाच कुणी मामांना सरळ सांगितलं, की मागे या.

साहेबांनी मामांना बोलावलं. मी दारातच होतो.

"मामा, तुम्ही रिव्हर्स घेत नाही असं ऐकलं. हे खरं आहे?"

"हौ साहेब."

"येत नाही, की घेत नाही?"

"येतंय."

"मग घेत का नाही?"

मामा म्हणाले, "गरज पडली न्हाई साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "आता पडली आहे. मला गंमत नकोय, मामा. सोमवारी गाडी चौथऱ्याला लागली पाहिजे. नाहीतर किल्ली टेबलावर ठेवा, मी दुसरा ड्रायव्हर बघतो. तुमच्या वयाचा विचार करूनच सांगतो आहे, मला ते आवडत नाही."

बाहेर आल्यावर मामा डेपोच्या कठड्यावर बसले. त्यांची मुलगी विद्यानगरला शिकत होती, शेवटचं वर्ष होतं. पांढऱ्या भुवयांच्या ड्रायव्हरला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? दारावरचे गुरखेसुद्धा तेव्हा मिसरूड फुटलेले मागत होते. मी बडबड सुरू केली. म्हटलं, मामा, मी मागे उभा राहतो. मी हाळी देतो. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, माझ्या आवाजापुढे दुसरा कुठलाही आवाज टिकत नाही. आमच्या गल्लीत मी बोलायला लागलो की लाउडस्पीकरवाले भाडं परत करतात.

मामांनी मान वर केली. "बाजूला उभा राहशील का मधोमध?"

"तुम्ही म्हणाल तिथे."

"मधोमध," मामा म्हणाले. "बाजूला राहिलास तर मी टाकणार न्हाई. तू मधे असलास तर मी तुझंच ऐकीन. दुसऱ्या कुणाचं न्हाई."

आज कुणी मला तसं म्हटलं तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवीन. तेव्हा मी हौ म्हटलं.

सोमवारी भर दुपारी आम्ही तिथे पोचलो. दुकानाच्या मागचं आवार. चारी बाजूंनी पांढऱ्या रंगाच्या भिंती, वर पांढरं आकाश, सावली कुठेच नाही. दुकानाची माणसं आत थंडाव्यात. वारा पडलेला. मी उतरून चौथऱ्यापाशी गेलो आणि त्याला पाठ टेकवून, मामांनी सांगितलं होतं तसा मधोमध उभा राहिलो. समोर आमच्या डब्याचं बंद दार. त्यावर काढलेला आइस्क्रीमचा कप, हसणारा. इतके दिवस मी तो कप विकत होतो. तो असा हसतो हे मला माहीत नव्हतं.

पुढे मामांनी गिअर टाकल्याचा आवाज झाला. लोखंडात लोखंड गेल्याचा, कधीच न वापरलेल्या दाराची कडी निघावी तसा. गाडी हलली.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि माझ्या डाव्या खांद्यामागे, जिथे चौथरा होता आणि उभं राहायला जागाच नव्हती, कुणीतरी खाकरलं.

"आन दो," आवाज म्हणाला.

मोठा नव्हता. घाई नव्हती त्यात. घरात कुणीतरी कुणाला आत ये म्हणावं तसा. मी मान वळवली नाही. खरं सांगतो, मान होतीच कुठे? डोकं सरळ खांद्यात गेलं होतं. तोंड उघडं, आणि आतून हवासुद्धा येत नव्हती. गाडी मागे येत होती. आन दो. हसणारा कप मोठा होत चालला. आन दो. मी बाजूला सरकू पाहिलं तर पाय उचलेना. डब्याची गार हवा चेहऱ्याला लागली, मग पत्र्यावरचे रंगाचे ओघळ दिसू लागले, मग त्या ओघळांतली धूळ. खाणीच्या तळाचं हिरवं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणी मला ते स्पष्ट दिसलं. आन दो, आन दो. माझ्या छातीत आणि दारात हातभर अंतर राहिलं. मामांनी ब्रेक लावला नाही. ते माझंच ऐकणार होते.

हातभराचं अर्धा हात झालं.

"बस."

गाडी थांबली. माझं नाक कपाच्या दातांना टेकायला आलं होतं.

इंजिन बंद झालं. मामा खाली उतरले आणि कडेने मागे आले. घामाने निथळत होते, पण चेहरा असा, की देगलूरहून पहिल्यांदा हैदराबादला आलेला पोरगा असावा. त्यांनी माझा हात धरून मला त्या फटीतून बाहेर ओढलं.

"शाबास, भाच्या," मामा म्हणाले. "काय हाळी दिलीस. पण आवाज एवढा दाबून काहून काढलास? म्हाताऱ्यावानी. मोकळ्या गळ्यानं बोलत जा की." मग ते माझ्या कानाशी वाकले. "आणि ऐक. आज तो आला न्हाई. सुरुवातीपासून शेवटापर्यंत तुझाच आवाज. दुसरं कुणी न्हाई. सुटलो मी."

मी शर्टावरची धूळ झटकली. आयुष्यभर ज्याने राईचे डोंगर विकले, त्याच्याकडे डोंगर चालून आला होता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर मामांनी तिथूनच तडक किल्ली साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली असती. मी म्हटलं, "हौ मामा. घसा बसला होता जरा."

त्या दिवशी मामांनी गाडीतलं आइस्क्रीम पहिल्यांदा खाल्लं. इतकी वर्षं वाहत होते, कधी चाखलं नव्हतं. संध्याकाळी साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि मामा त्यांच्या केबिनमधून चक्क दोन पावलं मागे सरकून बाहेर पडले. अख्खा डेपो बघत राहिला.

रात्रभर मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, ऊन होतं. भीती होती. भीतीच्या भरात मीच बोललो असणार आणि माझं मलाच कळलं नसणार. मामा खोटं कशाला सांगतील? ते म्हणतात तुझा आवाज, तर माझाच. सकाळपर्यंत मला ते इतकं पटलं, की मी ते चारचौघांत सांगायलाही मोकळा झालो.

मंगळवारी पुन्हा तेच आवार, तीच दुपार. मी मधोमध उभा राहिलो. गिअर पडला. या खेपेला मी कुणाची वाट पाहिली नाही. छातीत हवा भरली आणि चारी भिंती दणाणतील असा ओरडलो, "आन दो."

गाडी खाडकन थांबली.

पुढे खिडकीतून मामांचं डोकं बाहेर आलं. त्यांनी सकाळीच आरसे खाली वळवून घेतले होते, पण मधोमध उभा राहिलेला माणूस आरशात दिसत नाही.

"मागं कोण हाय रे?" मामांचा आवाज पातळ झाला होता.

"मी आहे, मामा."

"तू हायेस ते ठाऊक हाय. तुझ्यासोबत कोण हाय? आता ओरडलं कोण?"

मी डाव्या खांद्याकडे पाहिलं.

"त्याला हटव तिथून," मामा म्हणाले. "मला तुझा आवाज ऐकू येऊ दे."

डोकं आत गेलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि पाठ चौथऱ्याला लावली. डाव्या खांद्यापाशी कुणीतरी खाकरलं, आणि गाडी हळूहळू मागे येऊ लागली.